क्रिसोटाइलचा तंतू: आधी विवर्तन, मग ईडीएस

टीईएममध्ये (नमुन्याच्या आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्मदर्शकात) ॲस्बेस्टॉस तपासताना नळीसारखा तंतू दिसला की हात आपसूक ईडीएसकडे, म्हणजे क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीकडे, जातो. तो आवरा. इलेक्ट्रॉन शलाकेखाली क्रिसोटाइलमधले (पांढऱ्या ॲस्बेस्टॉसमधले) हायड्रॉक्सिल गट निघून जातात, अणूंची जाळी मोडते आणि बघता बघता विवर्तनाचे, म्हणजे या जाळीतून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांचे, ठिपके विरतात. शलाका पसरवून, तीव्रता कमी ठेवून आधी विवर्तनचित्र घ्यायचं. क्रोसिडोलाइट, अमोसाइट हे ॲम्फिबोल या दुसऱ्या ॲस्बेस्टॉस गटातले तंतू चिवट असतात, तिथे एवढी घाई नको.

या नळीचं कारण रचनेतच आहे. मॅग्नेशियम-हायड्रॉक्साइडचा थर त्याला चिकटलेल्या सिलिकेटच्या थरापेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून जोडथर वळतो आणि मॅग्नेशियमची बाजू बाहेर येते. सुटा तंतू साधारण २० ते ५० नॅनोमीटर जाड, आतली पोकळी ५ ते ८. संशोधक केइजी यादा यांच्या १९६७ आणि १९७१ च्या जाळीरेषांच्या प्रतिमांत हे वळसे थेट दिसतात. काही समकेंद्री, काही गुंडाळलेल्या चटईसारखे. पण नुसत्या पोकळीवरून दिलेला निकाल मी तरी मानणार नाही. हॅलॉयसाइट हे मातीचं खनिजही नळीच असतं, फक्त त्याच्या ईडीएस स्पेक्ट्रममध्ये ॲल्युमिनियम ठळक येतं.

विवर्तनचित्रात नवखे हमखास फसतात ते ठिपक्यांच्या ओळींमधल्या अंतराला. तंतूच्या अक्षावरची पुनरावृत्ती क्रिसोटाइलमध्येही ०.५३ नॅनोमीटर आणि ॲम्फिबोलमध्येही तेवढीच! ओळख पटते ती ओळींवरच्या ठिपक्यांतून. क्रिसोटाइलमध्ये ११० (जाळीतल्या प्रतलांचा क्रमांक) च्या ठिपक्याला ओळीच्या दिशेने शेपूट फुटतं आणि मधल्या ओळीवर ०.७३ नॅनोमीटरच्या थरांचे ००२ ठिपके असतात. ॲम्फिबोलचे ठिपके रेखीव. मोजमापाआधी सोन्याच्या थराचं १११ वलय, ०.२३५५ नॅनोमीटर, घेऊन कॅमेरा लांबी, म्हणजे विवर्तनचित्राचं मोजप्रमाण, ठरवा. नमुन्याची उंची बदलली की तीही सरकते.

ईडीएसमध्ये मॅग्नेशियम-सिलिकॉनचं अणुप्रमाण क्रिसोटाइलला १.५, अँथोफिलाइटला (हाही ॲम्फिबोलच) ०.८७५, टाल्कला (शंखजिऱ्याला) ०.७५. शेवटचे दोन इतके जवळ की टाल्कची पट्टी आणि अँथोफिलाइट वेगळे करायला नमुना कलवून विवर्तन पाहावंच लागतं. क्रोसिडोलाइटचं सोडियम शोधताना तांब्याची ग्रिड (नमुना धरणारी बारीक जाळी) नको: तांब्याची एल ही क्ष-किरण रेषा ०.९३ केईव्ही ऊर्जेला, सोडियमची १.०४ ला, दोन्ही एकमेकींत मिसळतात. सोन्याची ग्रिड घ्या.

बहुतेक घोळ मात्र नमुना बनवतानाच होतात. तंतू गोळा केलेला सेल्युलोज एस्टरचा ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांचा फिल्टर एसिटोनच्या वाफेने बसवल्यावर ऑक्सिजन प्लाझ्माने वरचा पापुद्रा काढला नाही, तर बारीक तंतू प्लास्टिकमध्येच गाडलेले राहतात आणि फिल्टर विरघळताना निसटतात. कार्बनचा थर फार पातळ असेल तर ग्रिडची घरं फाटतात, जाड असेल तर सुटे तंतू पार्श्वभूमीत हरवतात. अल्ट्रासाउंड फार वेळ चालवलं की जुड्या सुटतात आणि तंतूंची संख्या फुगते, म्हणून वेळ आणि शक्ती नोंदवहीत लिहाच.