कोरलचं हरितगृह, आठवडा १७: मीटर शून्य दाखवत होता

मागची नोंद लिहिली तेव्हा कोरल वाढवायच्या या हरितगृहाचा नुसता सांगाडा उभा होता आणि छत यायचं होतं. आता तिन्ही रेसवे (उथळ, लांबट टाक्या) भरलेत, १४० फ्रॅग (कोरलचे कापून लावलेले तुकडे) बसलेत आणि त्यातले ११ गेलेत. बांधकाम आणि उजेड थोडक्यात उरकतो, कारण या चार महिन्यांत खरा वेळ खाल्ला तो विहिरीच्या पाण्याने.

हरितगृह ६ × ४ मीटरचं. जीआय (मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा सांगाडा (या पाइपांकडे पुढे परत यायचंय), वर ८ मिलिमीटरचं दुहेरी पॉलिकार्बोनेट, माथ्यावर उघडता येणारी खिडकी आणि दोन्ही बाजूंना गुंडाळून वर घ्यायचे पडदे. रेसवे प्रत्येकी २.४ × ०.९ मीटर, पाण्याची खोली ३० सेंटिमीटर, म्हणजे एकेकात साधारण ६५० लिटर. संप (खालची फिल्टरची टाकी) धरून सगळं मिळून २३०० लिटर.

उजेडाची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, आणि तोच सगळ्यात सरळ निघाला. भर दुपारी बाहेर पार मीटर (कोरलला वापरता येणारा उजेड मोजणारा) २०००च्या आसपास जातो. पॉलिकार्बोनेटखाली १६००, त्याखाली ५० टक्के शेडनेट लावली की पाण्याच्या पृष्ठभागावर ८००. माझे फ्रॅग घरातल्या एलईडीखाली २००वर वाढलेले. म्हणून पहिले तीन आठवडे शेडनेटचे दोन थर ठेवले आणि मग वरचा थर आधी फक्त सकाळी, नंतर दिवसभर काढला. घाई केली ती मोंटीपोरा डिजिटाटा या फांद्यांच्या कोरलच्या बाबतीत. त्याची वरची टोकं चार दिवसांत फिकट पडली. तेवढ्यावर निभावलं.

आता पाणी.

विहिरीच्या पाण्याची तपासणी आधीच करून घेतली होती. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ५४०, कठीणपणा ३१०, अल्कलिनिटी २६०, लोह १.८, मँगनीज ०.१५, नायट्रेट २२, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएच ६.९. आई म्हणाली, "अरे, हेच पाणी आपण इतकी वर्षं वापरतोय, आणि तुझ्या दगडांना ते चालत नाही?" तिला म्हटलं, आपण पाणी पितो आणि पुढे जातो, टाकीत ते साठून राहतं. माझ्या रेसवेंतून दिवसाला ४५ लिटर पाणी उडून जातं. उडतं ते फक्त पाणी. त्यातलं बाकी सगळं टाकीतच उरतं. २३०० लिटरला ४५ने भागलं तर ५१ येतात, म्हणजे दर ५१ दिवसांनी आपण टॉप-अपच्या (उडालेलं भरून काढायच्या) पाण्याची एक अख्खी टाकी आटवून तिचा गाळ कोरलच्या अंगावर टाकत असतो. बदलीचं पाणी थोडं डागाळलेलं असलं तर एक वेळ चालेल, टॉप-अपचं नाही.

या उडण्याचा फायदाही आहे, तो आधी सांगतो. एक लिटर पाणी उडालं की हजार लिटर पाण्याचं तापमान साधारण ०.५८ अंशाने उतरतं. त्या हिशेबाने माझे ४५ लिटर २३०० लिटरमधून दिवसभरात ११ अंशांइतकी उष्णता बाहेर नेतात. चिलर न घेता फक्त पंख्यांवर पाणी २८.६च्या वर गेलं नाही. म्हणून रेसवेवर झाकणं टाकायची नाहीत हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पुढच्या भानगडीत ते आडवं आलं.

पहिली मांडणी पुस्तकी होती: विहीर, सॉफ्टनर, ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, आरओ मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) आणि शेवटी एक लिटरची मिक्स्ड बेड डीआय (उरलेसुरले क्षार ओढणारं रेझिनचं कार्ट्रिज). सॉफ्टनर अशासाठी की एवढं कठीण पाणी थेट मेम्ब्रेनवर गेलं तर कॅल्शियमची खरपुडी धरते. लोह विहिरीत विरघळलेलं असतं तोवर सॉफ्टनर तेही थोडंफार ओढतो. मेम्ब्रेननंतर टीडीएस १४, डीआयनंतर ०. फोटो काढला, खूश झालो.

३१० लिटरवर डीआय संपली.

दुसरं कार्ट्रिज भरलं, तेही तेवढ्यातच गेलं. १४ टीडीएसच्या पाण्यावर एक लिटर रेझिन याच्या कितीतरी पट चालायला हवं. आधी मेम्ब्रेनवर संशय घेतला, मग ओ-रिंग बदलल्या, मग मीटरच बदलला. शेवटी एक रात्र काचेचे दोन ग्लास टेबलावर ठेवले. दोन्हींत विहिरीचं ताजं पाणी. एकाचा पीएच लगेच मोजला, ६.९. दुसऱ्यात एअरस्टोन सोडला आणि झोपलो. सकाळी त्याचा पीएच ८.१ होता.

पीएच नुसत्या हवेने एवढा चढतो तो एकाच कारणाने: पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि बुडबुड्यांबरोबर निघून जातो. अल्कलिनिटी आणि पीएचवरून हिशेब केला तर लिटरमागे ५५ मिलिग्रॅम. हा वायू मेम्ब्रेनमधून आरपार जातो. टीडीएस मीटर विजेचं वहन मोजतो आणि विरघळलेला हा वायू वीज जवळपास वाहतच नाही, त्यामुळे मीटरच्या लेखी तो नसतोच. डीआयमधल्या ॲनायन रेझिनला मात्र तो चांगलाच दिसतो. मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (रेझिनची किती जागा अडते त्या मापात) मांडलं तर १४ टीडीएसचं ओझं ०.२५ आणि वायूचं १.२५. म्हणजे मी रेझिनवर मला वाटत होतं त्याच्या सहापट ओझं टाकत होतो.

त्याच ग्लासाने आणखी एक गोष्ट सांगितली. रात्री पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. सकाळी तळाशी तांबूस साय, आणि एअरस्टोनभोवती गंजाचं बारीक कडं. हवा लागली की विरघळलेलं लोह गंज होऊन बाहेर पडतं, आणि पीएच एकने वाढला की ही क्रिया साधारण शंभरपट वेगाने होते. म्हणजे वायू घालवण्यासाठी हवा दिली की लोह आपोआप गाळ होणार, आणि तो गाळ सॉफ्टनरच्या रेझिनवर बसला तर सॉफ्टनर खराब. एक दुखणं बरं करायला गेलो की दुसरं अंगावर.

म्हणून मांडणी पुन्हा सोडली. आता विहिरीचं पाणी आधी दीड मीटर उंचीच्या पीव्हीसी नळकांड्यात वरून झारीच्या तोंडातून पडतं, खालून ब्लोअर हवा फुंकतो. तिथून ते ५०० लिटरच्या पिंपात येतं. पिंपाचा नळ मुद्दाम तळापासून हातभर वर बसवला आहे, म्हणजे गाळ खालीच राहतो. पुढे मँगनीज डायऑक्साइडच्या दाण्यांचा फिल्टर. उरलेलं लोह तो पकडतोच, पण तो लागतो मुख्यतः मँगनीजसाठी, कारण या पीएचला नुसत्या हवेने मँगनीज हलत नाही. मग सॉफ्टनर आणि बाकीची जुनी रांग. पिंपातल्या पाण्याचा पीएच ८.० येतो, म्हणजे वायू साधारण ४ ते ५ मिलिग्रॅमवर आला. सध्याचं डीआय कार्ट्रिज १२०० लिटर ओलांडून गेलंय आणि अजून चालू आहे.

पीएच वाढल्यामुळे कॅल्शियमची खरपुडी धरायची शक्यताही वाढते. तेव्हा असा हवेचा शॉवर लावल्यावर सॉफ्टनर काढून टाकू नका. हा मोह मला झाला होता.

जाता जाता: सॉफ्टनरनंतरच्या आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका. त्यात कॅल्शियमची जागा सोडियमने घेतलेली असते आणि माती घट्ट होते. दाण्यांच्या फिल्टरचं बॅकवॉशचं (उलटा प्रवाह सोडून धुतल्याचं) पाणी नुसतं तांबडं असतं, ते चालतं.

डीआय आता मी एकामागे एक अशी दोन ठेवलीत. रेझिन संपत आलं की सिलिकासारखे सैल धरलेले पदार्थ सगळ्यात आधी सुटतात, आणि सिलिकाही मीटरला दिसत नाही. दुसऱ्या रेसवेच्या तळावर आणि फ्रॅग रॅकच्या जाळीवर तपकिरी भुकटी (सिलिकावर पोसणारं सूक्ष्म शेवाळ) धरायला लागली तेव्हा मीटर शांतपणे ० दाखवत होता. आता आठवड्यातून एकदा दोन्ही कार्ट्रिजच्या मधल्या पाण्याची सिलिकाची चाचणी करतो.

आणि आता ते ११ फ्रॅग.

बाराव्या आठवड्यात ट्रोकस गोगलगायी भिंतीवरून सुटून पडायला लागल्या. रोज दोन-तीन, उताण्या. लेदर आणि झोआंथस ही मऊ कोरल, त्यातले लेदर आक्रसलेले, झोआंथस मिटलेले. क्षारता ३५, अल्कलिनिटी ८.५ डीकेएच (अल्कलिनिटीचं जर्मन माप), कॅल्शियम ४३०, नायट्रेट ६, सगळं जागच्या जागी. पुन्हा विहिरीवर संशय घेतला, चार दिवस नुसत्या चाचण्या केल्या. पाचव्या दिवशी पहाटे हरितगृहात गेलो तर छताखाली पाऊस पडत होता. रात्रीची वाफ थंड पॉलिकार्बोनेटवर जमून आडव्या पाइपवर ओघळत होती आणि पाइपवरून थेट रेसवेमध्ये. पाइपच्या खालच्या बाजूवर पांढरी पिठूळ पुटं धरली होती. बोट फिरवलं तर हाताला लागली. जस्त!

वाफेचं पाणी म्हणजे जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणी. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून ते किंचित आम्ल होतं आणि जीआयचा जस्ताचा मुलामा चाटून खातं. वाटीत थेंब जमवून टीडीएस मोजला, ९ आला. माझ्या आरओच्या पाण्यापेक्षा कमी! आयसीपीसाठी (पाण्यातले धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी) टाकीच्या पाण्याचा नमुना पाठवला: जस्त ६२ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर ते एक मायक्रोग्रॅमही नसतं.

झाकण टाकलं असतं तर पंख्यांची थंडाई गेली असती. म्हणून प्रत्येक आडव्या पाइपखाली पीव्हीसीचा अर्धा चिरलेला पाइप पन्हाळीसारखा बांधला, एका बाजूला उतार देऊन, आणि पाणी बाहेर काढलं. वरून इपॉक्सीचे दोन हात मारले. चौथाई पाणी तीन वेळा बदललं, संपमध्ये धातू ओढणारं रेझिन टाकलं. पुढच्या आयसीपीत १४ आलं. गोगलगायी नवीन आणल्यात, त्या भिंतीवर टिकून आहेत. नवीन बांधणाऱ्यांनी आतल्या बाजूला जीआय नकोच. मला पुन्हा बांधायचं असतं तर पाण्याच्या वर एकही उघडा धातू ठेवला नसता, खिडकीच्या बिजागरीसुद्धा.

वाढीचं सांगायचं तर तो फिकट पडलेला डिजिटाटा सावरला. त्याचे मी सहा तुकडे केले होते, सुपरग्लू जेलने प्लगवर (फ्रॅगच्या छोट्या बैठकीवर) चिकटवलेले. पाचांच्या बुडाशी आता नखाएवढी पातळ कातडी प्लगवर पसरली आहे. तिची कड पांढुरकी आहे, म्हणजे वाढ चालू आहे. सहावा प्लगवरून सुटला. तो शोधताना तिसऱ्या रेसवेच्या कोपऱ्यात लेदरचं एक पिल्लू आपोआप दगडाला धरलेलं सापडलं. ते मी कापलेलं नव्हतं.

राहिलेलं काम: दाण्यांच्या फिल्टरचा दाब दहा दिवसांत चढतो, बॅकवॉश केला की उतरतो, पण पूर्वीइतका नाही. माझ्या पंपाचा प्रवाह दाणे नीट उचलायला कमी पडत असावा. हे दाणे बरेच जड असतात. कुणी याच आकाराच्या टाकीला वेगळा बॅकवॉश पंप लावला असेल तर मिनिटाला किती लिटर देता ते सांगा. नाहीतर येत्या आठवड्यात मी टाकी उघडून दाणे हाताने धुणार आहे.