बाराच्या पुढची पट्टी

संगतकाराला येणारा फोन बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी आजारपणाचा असतो. नेहमीच्या पेटीवाल्याला ताप आला, कुणी गाडीवरून पडून हात मोडून घेतला, की मग आमची आठवण होते. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. मी बेळगावच्या शहापुरात पोरांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी पेटी शिकवतो, श्रावणात आणि गणपतीत भजनी मंडळांच्या मागं बसतो, पावसाळ्यात फुगून अडकलेल्या पट्ट्या नि मुके झालेले सूर दुरुस्त करून देतो. या सगळ्यात घर चालतं, पण असल्या ऐनवेळच्या रात्री नसत्या तर ओढाताण झाली असती. एक नोव्हेंबरला तेवढी मी पेटी झाकून ठेवतो. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासूनचा तो दिवस. एकीकडं कन्नडवाल्यांचा राज्योत्सव, दुसरीकडं मराठीवाल्यांचा काळा दिन. कुठंही वाजवलं तरी कुणीतरी रुसणारच, आणि वर्षभर वाजवायचं असतं दोघांच्याही दारात.

हा फोन आला तो ऐन उन्हाळ्यात, एका तबलजी दोस्ताचा.

"गोकाककडं जत्रेत पारिजात हाय. त्यांचा पेटीमास्तर दवाखान्यात पडलाय. येतोस काय गा?"

"मला बाजारापुरतं कन्नड येतंय. पदं कुठली यायला?"

"पेटीला कुठं कन्नड येतंय? ये की गुमान."

'श्रीकृष्ण पारिजात' म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या त्या अंगाला रात्रभर चालणारा गाण्याचा खेळ. कुलगोड तम्मण्णांनी त्याला रूप दिलं आणि कौजलगी निंगम्मांसारख्या गाणारणींनी गाजवला. कृष्णानं पारिजातकाचं फूल रुक्मिणीला दिलं आणि सत्यभामा रुसली, एवढीच गोष्ट. पण त्या एका रुसव्यावर पहाट होते. मराठी घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला तो लांबूनच माहीत. भजनाच्या फडावर बसणारा माणूस सहसा तिकडं जात नाही, आणि तिकडचा इकडं येत नाही.

मिरजेच्या पॅसेंजरनं निघालो. सुळेभावी स्टेशन आलं तसं दोस्तानं सवयीनं कानाची पाळी धरली. १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले ते याच गावात. तो कधीही या वाटेनं गेला तरी हे करतोच, हातात भज्याचा कागद असला तरी. मग गप्पा निघाल्या. मी म्हटलं, तिकडच्या चाली मला जमतील का? तो उखडलाच. म्हणाला, कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते बघूनच विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं केलं ना? आणि त्याच साली अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते कुठं? आपल्या गुर्लहोसूरला, सौंदत्तीच्या बाजूला. "मग चाली कुणाच्या ते कशाला इचारतोस? घरातल्याच हाईत." घटप्रभेला उतरेपर्यंत त्यानं मला चार-पाच पदांचे मुखडे डब्यातच गुणगुणून दाखवले. दोन तर ओळखीचे निघाले. आमच्या नाट्यपदांच्या अंगानंच जाणारे, फक्त लय जरा दणकट.

पुढं टेंपोनं गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेल.

रंगपटात सत्यभामा तोंडाला रंग लावत बसली होती. साठी केव्हाच उलटलेली बाई. माझ्याकडं आरशातूनच बघून म्हणाली, "पेटीमास्तर, नम्म पट्टी काळी चार." नमस्कार नाही, चहा-पाणी नाही, आधी पट्टी, म्हणजे सा (षड्ज) कुठून धरायचा ते. त्यांचा सा सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर. झांज वाजवणारे म्हातारबुवा मला बाजूला घेऊन सांगायला लागले, की चाळीस वर्षं बाई काळी चारलाच गातात, पंचक्रोशीत तशी दुसरी नाही. जत्रेच्या हँडबिलावरसुद्धा तसं छापलं होतं म्हणे. या भागात पट्टी हा इज्जतीचा मामला असतो. माइक नव्हते तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला उंच पट्टी लागायची. आता कर्ण्याचा आवाज शेजारच्या गावात जातो, तरी लोक पट्टीच मोजतात. मला विचाराल तर हा हट्ट गाणाऱ्यांच्या गळ्याला घातक आहे. पण मला कुणी विचारत नाही.

खेळ दहाच्या पुढं सुरू झाला. पहिले दोन तास बाईंनी असं गायलं की मी बोटं ठेवतोय कुठं हेच विसरलो. पदांचे शब्द निम्मे डोक्यावरून जात होते, पण संगतीला शब्दांपेक्षा श्वास कळावा लागतो. ओळ संपायच्या आत त्यांचा उजवा खांदा किंचित वर यायचा, म्हणजे आता तान येणार. खांदा पडला की ओळ भागवताकडं, म्हणजे खेळाच्या सूत्रधाराकडं गेली. तो मधेच घुसून सत्यभामेची थट्टा करणार, मी फक्त षड्ज धरून बसायचं. तासाभरात माझं नि त्या खांद्याचं जमून गेलं.

साडेबारा-एकच्या सुमाराला पहिल्यांदा खटकलं. तार षड्जावर जाताना त्या केसभर खाली राहिल्या. पुढच्या पदात पुन्हा. मी पेटीचा वरचा सा जरा उघडा ठेवला, म्हणजे कानाला आधार मिळतो. त्यांनी तो घेतला, पण गळ्याच्या शिरा ताणून. नंतरच्या पदात त्यांनी वरचा पंचम असलेली ओळच गाळली. प्रेक्षकांना समजलं नाही. झांजेवाल्या बुवांना समजलं, पण ते दुसरीकडं बघत होते.

अशा वेळी पेटीवाल्यापुढं दोनच वाटा असतात. आपली पट्टी धरून ठेवायची, म्हणजे गाणारा बेसूर दिसतो आणि आपण बरोबर. किंवा त्याच्यासोबत खाली यायचं. पण काळी चारवरून पांढरी पाचवर यायचं म्हणजे फरक अर्ध्या स्वराचा, आणि बोटं सगळीच्या सगळी बदलतात. शिवाय तबला काळी चारला मिळवलेला. पट्टी उतरली आणि तबला वरच राहिला तर म्हशी राखणाऱ्या पोरालाही कळेल.

मी दोस्ताकडं बघितलं आणि डाव्या हाताचा भाता न थांबवता उजव्या बोटानं पांढरी पाच नुसती टेकवली, दाबली नाही. त्यानं एक भुवई वर केली.

दूतीनं निरोप आणला आणि भागवताची नि तिची जुंपली. हा प्रसंग लोकांना तोंडपाठ असतो, हशा मांडव फाडून जातो. त्या गदारोळात दोस्तानं डाव्या हातानं डग्ग्यावर ठेका चालू ठेवला आणि उजव्या हातात हातोडी घेऊन तबल्याच्या कडेच्या गजऱ्याला सूर उतरवायला खालून ठोके द्यायला सुरुवात केली. एक ठोका हशात, एक झांजेत. मधूनच चाटीवर एक टिचकी मारून कान लावायचा. मी पांढरी पाच इतकी हलकी धरली होती, की ती त्याच्यापर्यंतच जावी. शेवटचा ठोका पडला आणि त्यानं मान हलवली. पंधरा-वीस वर्षं आम्ही एकत्र वाजवतोय, पण असला उद्योग पहिल्यांदाच केला.

भागवत थांबला. मी नव्या षड्जावरून मुखडा काढला. मागं ओळ धरणाऱ्या झीलकऱ्यांतला एकजण चाचपडला, मग सरळ झाला. सत्यभामेनं पाठमोरीच तो मुखडा ऐकला आणि क्षणभर वळली नाही. माझ्या पोटात गोळा आला. भर मंचावर "पट्टी कुणी उतरवली?" असं विचारलं असतं तर मी उठून घटप्रभेपर्यंत चालतच गेलो असतो.

त्या वळल्या, खांदा वर आला, आणि मघाशी गाळलेला तो पंचम त्यांनी असा लावला की मांडव उठला. वन्स मोर पडला. एक फेटेवाले गौडा मंचावर चढून त्यांच्या पदराला पाचशेची नोट पिनेनं लावून गेले, आणि जाता जाता माइकवर सांगून गेले, की काळी चारला असं गाणारी पुन्हा होणे नाही. दोस्तानं तबल्यावर मान खाली घातली. हसू लपवत होता.

खेळ संपला तेव्हा उजाडलं होतं. मालकानं ठरल्याप्रमाणं पाकीट दिलं, मोजून घ्या म्हणाला. मोजलं. रंगपटात चहा आला. बाईंनी निम्मा रंग पुसला होता, एक गाल सत्यभामेचा आणि एक त्यांचा. आसपास कुणी नाही बघून त्या मराठीत बोलल्या, तिकडच्या हेलात.

"मास्तर, किती उतरवलात?"

मी गप्प.

"अर्धा न्हवं? गळ्याला कळत न्हाई व्हय?"

"रागावला नाहीत ना?"

त्यांनी दुसरा गाल पुसायला घेतला. "आमचा मास्तर चांगला हाय, पण लई इमानदार. मला वढत नेतोय रात्रभर." मग बशीतला चहा संपवून म्हणाल्या, "तो बरा झाला तरी पुढच्या जत्रेला तुम्हीच या. सुरुवातीला काळी चारच द्या, लोकं ऐकत असतात. बाराच्या पुढं तुमचं तुम्ही बघा."