वॉटसनचं हॉटेल आणि अप्पांचे वकील

"ही सगळी बिल्डिंग आधी हॉटेल होती," जिना चढता चढता वकीलसाहेबांचा कारकून म्हणाला आणि माझ्या डोळ्यांपुढे गरम भजी आली. साल 1994, मी नववीत. आमच्या नाशकात हॉटेल म्हणजे मिसळ, भजी, चहा. राहायचं ते लॉज.

अप्पांच्या जमिनीच्या दाव्यासाठी पंचवटी एक्सप्रेसनं आलो होतो. वकील बसायचे काळ्या घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनमध्ये. कोर्टं जवळ, म्हणून सगळी बिल्डिंगच वकिलांनी भरलेली. प्लायवूडचं पार्टिशन ठोकून एका खोलीच्या तीन केलेल्या. अप्पा खुर्चीत बसले की मी दारात उभा. लाकडी जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झालेल्या. कठड्याला हात लावला तर काळा झाला. खाली आल्यावर मी विचारलं, "अप्पा, काळा घोडा कुठंय?"

"राणीच्या बागेत नेला," अप्पा म्हणाले. "1965 ला."

त्यानंतर तिथं जायला थेट 2019 चा डिसेंबर उजाडला. सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकावरून चालत निघालो. महात्मा गांधी रस्त्यानं उजव्या हाताला ती बिल्डिंग दिसली. बाल्कन्यांना टेकू, काचा फुटलेल्या, दारं बंद. त्याच वर्षी हायकोर्टाच्या आदेशानं आतल्या सगळ्यांना बाहेर काढलं होतं. आयआयटी मुंबईचा अहवाल म्हणत होता, पाडा. जुन्या वास्तू जपणारे वारसावाले म्हणत होते, वाचवा.

एव्हाना त्या इमारतीबद्दल मी बरंच वाचलं होतं. 1860 च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली आणि एस्प्लनेडवर बांधकामाला जागा निघाली. जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या इंग्रज व्यापाऱ्यानं तिथं एक भूखंड घेतला. नकाशा काढला रोलंड ऑर्डिश या इंजिनीअरनं. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छतातही त्याचा हात होता. खांब, तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या, जहाजात घालून आणल्या आणि इथं एकमेकांना जोडल्या. जाड भिंतींवर इमारत उभी करायची सोडून सगळा भार लोखंडी सांगाड्यावर टाकला. पाच मजली सांगाडा आधी आणि विटा नंतर, हे बघायला तेव्हाचे गवंडी नक्की थांबले असतील.

1871 ला हॉटेल सुरू झालं. खाली खाण्यापिण्याची व्यवस्था आणि बार, वर राहायच्या खोल्या. वाढायला मुली इंग्लंडहून आणलेल्या. वॉटसननं सगळंच विलायतेहून आणलं, तर थोडी हवाही आणायची होती, असा विनोद तेव्हा चालायचा म्हणे. त्या बारमध्ये बसायला मात्र कातडी गोरी लागायची.

1896 च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथं उतरला होता. मुंबईच्या कावळ्यांवर त्यानं जे लिहिलंय ते वाचून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते. बाल्कनीच्या कठड्यावर बसून ते त्याचे कपडे, त्याचं रूप, त्याचा धंदा यांवर चर्चा करायचे. त्याच वर्षी 7 जुलैला ल्युमिएर बंधूंच्या माणसानं याच हॉटेलात हलती चित्रं दाखवली. भारतातला पहिला सिनेमा. तिकीट एक रुपया, सहा छोट्या फिती, त्यातली एक भिंत पाडण्याची! पुढं आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि आपल्या लोकांनाही बघता आले. त्या नव्या वेडानं झपाटलेल्या आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली.

जमशेटजी टाटांना वॉटसनच्या दारातून परत पाठवलं आणि म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. मला ती फारशी पटत नाही. एवढ्या रागावर एवढं मोठं हॉटेल उभं राहत नाही, त्याला धंद्याचा हिशेब लागतो. पण 1903 मध्ये ताज उघडलं आणि वॉटसनचे दिवस फिरले, एवढं खरं. पुढं हॉटेल गेलं, महेंद्र मॅन्शन झालं, मग एस्प्लनेड मॅन्शन. खोल्यांची पार्टिशनं झाली, मजल्यांवर पोटमाळे चढले. ज्या जिन्यावर नेटिव्हाला मज्जाव, त्यावर निफाड, सिन्नर, अलिबागचे अशील बगलेत फायली धरून चढू लागले. वारसावाले याला ऱ्हास म्हणतात. असेलही. पण अप्पांना तो जिना त्या ऱ्हासामुळेच चढता आला, हे मी विसरू शकत नाही.

ऱ्हासाची दुसरी बाजूही आहे म्हणा. 2005 च्या पावसाळ्यात बाल्कनीचा भाग कोसळला आणि एक जण गेला. त्याच सुमारास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या 2006 च्या यादीत हिचं नाव घातलं.

समोरचा परिसरही ओळखू येईना. ऱ्हिदम हाउस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान 2016 ला बंद झालेलं. कवी अरुण कोलटकर जिथं दर गुरुवारी बसत ते वेसाइड इन रेस्टॉरंटही कधीचंच गेलेलं. आजूबाजूला अशी दुकानं, जिथं किंमत विचारायची हिंमत होत नाही. घोडा मात्र 2017 ला परत आला होता, नवा. पाठीवर जुन्यासारखा इंग्रज राजा नाही, नुसता घोडा. बरं केलं.

परत येऊन फूटपाथवरून मान वर करून तिसऱ्या मजल्यावरची खिडकी शोधत राहिलो. कठड्यावर दोन कावळे होते. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत वॉचमन बसलेला.

"काय बघताय?"

"आमचे वकील बसायचे वर."

"सगळ्यांचेच बसायचे," तो म्हणाला आणि खुर्ची जरा रस्त्याकडे सरकवली. "तिथं उभे राहू नका, वरून पडतं."