अ‍ॅल्युमिनियमच्या नावेला बॉडी अर्थ देऊ नये

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या जलाशयावर आमच्या भागातील काही मच्छीमारांनी लाकडी डोंगा सोडून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची नाव घेतली आहे. अ‍ॅल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असल्यामुळे दोघे जण ती सहज काठावर ओढतात, आणि नीट सांभाळल्यास ती कित्येक वर्षे टिकायला हवी. तरीही थोड्याच काळात तळाला सुईच्या टोकाएवढी भोके पडू लागल्याची तक्रार ऐकू येते, आणि सगळा दोष पत्र्याच्या दर्जावर टाकला जातो. मी पाहिलेल्या बहुतेक नावांमध्ये मात्र दोष पत्र्याचा नव्हता, वायरिंगचा होता.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा थर आपोआप तयार होतो. हा थर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतो, पण फार आम्ल किंवा फार अल्कधर्मी नसलेल्या पाण्यात तोच पत्र्याचे रक्षण करतो. वीजप्रवाह पत्र्यातून बाहेर पडून पाण्यात शिरतो, त्या ठिकाणी मात्र या थराचा उपयोग राहत नाही, कारण तेथे धातूच विरघळून पाण्यात जातो. फॅरडेच्या नियमानुसार 1 अँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर सुमारे 0.34 ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम जाते. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु 3 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला 3 मिलिमीटर रुंदीचे आरपार भोक पडण्यासाठी जेमतेम 0.06 ग्रॅम धातू जावा लागतो. म्हणजे 100 मिलिअँपिअरची गळती एकाच बिंदूवर एकवटली, तर दोन तासही पुरेसे आहेत. प्रत्यक्षात प्रवाह अनेक ठिकाणी विभागला जातो म्हणून महिने लागतात, एवढाच काय तो दिलासा. पत्र्याला रंग दिला असेल तर धोका उलट वाढतो, कारण रंग जेथे खरवडला गेला आहे तेवढ्याच जागेतून सगळा प्रवाह बाहेर पडतो.

हा प्रवाह येतो कोठून, ते समजण्यासाठी गावातील वायरिंगची पद्धत पाहावी लागते. आपला मिस्त्री ट्रॅक्टर आणि मोटारसायकलवर शिकलेला असतो. तेथे दिव्याला एकच तार नेतात आणि दुसरे टोक बॉडीला देतात, यालाच बॉडी अर्थ म्हणतात. ट्रॅक्टर पाण्यात उभा नसल्याने ते चालून जाते. नावेवर हीच पद्धत वापरली की दिव्याचा परतीचा प्रवाह पत्र्यात येतो. बॅटरीची निगेटिव्ह तार मात्र इंजिनाला जोडलेली असते, आणि इंजिन मागच्या लाकडी फळीवर शिकंजाने आवळलेले असते. तो शिकंजा रंगलेला किंवा गंजलेला असेल तर पत्रा आणि इंजिन यांचा संबंध कच्चा राहतो, आणि मग काही प्रवाह पत्र्यातून पाण्यात उतरून इंजिनाच्या पाण्यातील पायापर्यंत पोहोचतो. अशा एका नावेवरचा दिवा मिणमिणता जळत होता. तिच्या तळाला बाहेरून पांढऱ्या भुकटीच्या पुळ्या आल्या होत्या. एक पुळी नखाने उडवली तेव्हा खाली काळपट खड्डा दिसला, आणि दाभणाचे टोक त्यातून अलगद पलीकडे गेले.

म्हणून नावेवरील प्रत्येक दिव्याला आणि पंपाला दोन स्वतंत्र तारा असाव्यात आणि दोन्ही थेट बॅटरीपर्यंत जाव्यात. पत्र्याचा उपयोग तार म्हणून कधीही करू नये. बॅटरी प्लास्टिकच्या पेटीत ठेवावी, पॉझिटिव्ह तारेवर बॅटरीजवळच फ्यूज बसवावा, आणि तारा तळाच्या पाण्यातून न नेता काठाच्या खालून प्लास्टिकच्या नळीतून न्याव्यात. तपासणीसाठी नाव काठावर घ्यावी, बॅटरीच्या आणि इंजिनाच्या तारा सोडवाव्यात, सगळी बटणे चालू ठेवावीत आणि मल्टिमीटरचे (वीजजोड तपासण्याच्या मीटरचे) एक टोक घासून स्वच्छ केलेल्या पत्र्याला लावून दुसऱ्या टोकाने दोन्ही तारा आळीपाळीने तपासाव्यात. पत्र्याशी कोठेही विजेचा जोड दिसता कामा नये. दिसला, तर एकेक उपकरण सोडवत गेले की चोर सापडतो.

बॅटरी नसलेली नावही सुटत नाही. तांबे, पितळ, शिसे किंवा लोखंड अ‍ॅल्युमिनियमला टेकून ओले राहिले, तर अ‍ॅल्युमिनियमच झिजते. आपल्याकडे मोटार रिवाइंडिंगची जुनी तांब्याची तार हाताशी असते म्हणून तिनेच काहीबाही बांधले जाते, आणि जाळ्याची शिशाची वजने तळातच पडून राहतात. दोन्ही गोष्टी टाळाव्यात. काठावरच्या पाणीपंपाच्या लोखंडी पाइपला नाव साखळीने बांधणे तर फार वाईट आहे, कारण त्यामुळे पाण्यातील पाइप आणि नाव यांची मिळून एक बॅटरीच तयार होते. शिवाय पंपाचे अर्थिंग खराब असेल तर जीवावर बेतू शकते. नायलॉनचा दोर पुरेसा आहे.

संरक्षणासाठी बळी देण्याचा, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा, धातू बसवायचा असेल, तर गोड्या पाण्यात मॅग्नेशियम निवडावे. समुद्रात वापरले जाणारे जस्त गोड्या पाण्यात स्वतःवरच साय धरून निकामी होते. मॅग्नेशियमची वडी पाण्याखाली, उघड्या पत्र्याला घट्ट बोल्टने बसवावी आणि तिला रंग लावू नये. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेत येते. अशा पाण्यात विरघळलेले क्षार जास्त असतात, त्यामुळे ते वीज अधिक वाहते. म्हणून आमच्याकडची वडी स्वच्छ तलावातल्या वडीपेक्षा लवकर संपेल, असे धरूनच ती वरचेवर पाहावी.

तळात ओला बारदाना अंथरून ठेवू नये. त्याखाली हवा पोहोचत नाही आणि पत्रा खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ला जातो. पडलेले भोक बुजवण्याआधी विजेची गळती शोधून बंद करावी, नाहीतर जोड देऊनही शेजारीच नवे भोक पडते. साफसफाईला लोखंडी तारेचा ब्रश नको, कारण त्याचे कण पत्र्यात रुततात. नायलॉनचा किंवा स्टेनलेसचा चालतो. वेल्डिंग आर्गन वायूवरच करून घ्यावे, आणि त्याआधी बॅटरी व इंजिन दोन्ही उतरवून वेल्डिंगची अर्थ तार भोकाच्या अगदी जवळ लावायला सांगावे.