दीडशे टनांची गुराब, पंधरा इंचांत

गुराब, म्हणजे मराठा आरमारातलं लढाऊ जहाज, तिची प्रतिकृती करायला घेतली की बहुतेकांचं घोडं नकाशापाशी अडतं. जोडून बनवायच्या जहाजांच्या तयार पेट्या मिळतात त्या बहुधा इंग्रज, स्पॅनिश नाहीतर जपानी युद्धनौकांच्या. मराठा आरमाराच्या गुराबेचा मापांसकट आराखडा त्यांत नसतो. मूळ जहाज बघून मापं घ्यावीत, तर तीही सोय उरलेली नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. आंग्र्यांनी १७४९ मध्ये पकडलेलं ‘रिस्टोरेशन’ हे इंग्रज जहाज आधी पेटलं, आणि आग शेजारी नांगरलेल्या गुराबांमध्ये पसरली.

तरी काम अगदी अंधारात करावं लागत नाही. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने गुराब कशी असते ते नेमकं लिहून ठेवलंय. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, पाण्यात बसणं कमी, मधून टोकाकडे निमुळती. पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी (वल्ह्यांच्या युद्धनौकेसारखी) लांब नाळ, म्हणजे बाहेर आलेलं टोक. एवढ्यावर प्रतिकृती उभी राहते, फक्त टनांवरून फूट काढता आले पाहिजेत.

त्या काळच्या इंग्रज पद्धतीत टनभार असा काढत: कण्याची (तळाच्या मुख्य तुळईची) लांबी गुणिले रुंदी गुणिले निम्मी रुंदी, भागिले ९४, सगळी मापं फुटांत. कणा ६० फूट आणि रुंदी २२ फूट धरली तर १५४ टन येतात. कणा ७० आणि रुंदी २० धरली तरी १४९ येतात. आकडा दोन्हीकडे जुळतो, पण दुसरं जहाज सडपातळ होतं आणि ‘रुंदी बरीच’ या वर्णनाशी त्याचा मेळ बसत नाही. म्हणून पहिलं घ्यायचं. तीन डोलकाठ्यांची करायची असेल तर ८० आणि २७ फुटांना ३१० टन येतात.

१:७२ या प्रमाणात एक फूट म्हणजे ४.२३ मिमी. कणा २५४ मिमी, रुंदी ९३ मिमी. नाळ आणि मागचा उतार धरून एकूण लांबी ९० फूट ठेवली तर ३८१ मिमी, म्हणजे बरोबर पंधरा इंच. पाण्याखालचा भाग ८ फूट, ३४ मिमी. नाळेची लांबी आणि ही खोली आपण ठरवलेली आहे, ते प्रतिकृतीच्या पाटीवर प्रामाणिकपणे लिहावं. याहून लहान प्रमाण घेऊ नये. १:७२ ला साडेपाच फुटी माणूस २३ मिमीचा होतो, आणि तोफेचा गाडा चिमट्यात धरता येण्याइतका उरतो.

फासळ्यांचे आकार काढायला उत्तम काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलै. मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, आणि एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा मिळतो. मालकाला विचारून होडीच्या तीन-चार ठिकाणी जाड शिशाची किंवा अॅल्युमिनियमची तार अंगाला दाबून वळण घ्यावं आणि तिथेच कागदावर उतरवावं. आजची मच्छीमार होडी म्हणजे गुराब नव्हे; तोफांचं वजन तिला पेलायचं नसतं. पण कोकणातला सुतार फळीला कुठे किती वाकायला लावतो ते यातून कळतं, आणि युरोपी जहाजाच्या नकाशावरून केलेल्या गुराबेत नेमकं तेच चुकतं.

सांगाडा प्लायचा. कण्याला ६ मिमी, फासळ्यांना ४ मिमी. फासळ्या २५ मिमीच्या अंतराने, कण्यावर अकरा. नाळेच्या उतारावर आणखी तीन लहान. खाचा कापण्याआधी प्लायची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजायचीच, कारण ६ मिमीची म्हणून आणलेली प्लाय साडेपाचही भरते. खाच सैल झाली तर फासळी डुगडुगते, पण त्यापेक्षा घट्ट खाच वाईट. अकरा घट्ट खाचा मिळून कण्याला धनुष्यासारखा बाक देतात आणि फळ्या चढेपर्यंत तो लक्षात येत नाही. फासळी हाताच्या दाबाने सरकली पाहिजे, हातोडी लागता कामा नये. नाळेच्या दोन्ही अंगांना शिवण या झाडाच्या लाकडाचे ठोकळे भरावेत. शिवण हलकी, तासायला सोपी, आणि ओलाव्याने फारशी हलत नाही.

हा शेवटचा गुण कोकणात सोन्यासारखा. इथे प्रतिकृती बिघडते ती बहुधा हातामुळे नाही, हवेमुळे.

हिशेबच मांडू. फळ्यांसाठी ०.६ मिमीचं सागवानी व्हेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) घेतो. सागवान तंतूंच्या आडव्या दिशेने, ओलाव्याच्या दर टक्क्याला साधारण ०.२ टक्के फुगतं. हवेतली आर्द्रता ६० टक्के असताना लाकडात ११ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि श्रावणातल्या ८५-९० टक्क्यांत ते १९ पर्यंत चढतं. फरक आठ टक्क्यांचा. गुराबेच्या मध्यावर कठड्यापासून कण्यापर्यंत वळणाने ८४ मिमी भरतात, त्यात १.३ मिमीची वाढ होते. खालची प्लाय मात्र जवळजवळ हलत नाही. मग त्या सव्वा मिलिमीटरला जायला जागा कुठली? भर पावसात चढवलेल्या फळ्या मार्चमध्ये आकसून फटी पडतात, आणि कडक कोरड्या दिवशी चढवलेल्या जुलैत फुगून मधूनच उचलल्या जातात. उन्हात वाळवलेल्या लाकडाने हे टळतं असा एक समज आहे. ते लाकूड दोन दिवसांत पुन्हा हवेतलं पाणी पितं, म्हणजे मेहनत फुकट.

उपाय म्हणजे दिवाळीनंतर फळ्या चढवायच्या, खोलीत आर्द्रता ५५ ते ६५ टक्क्यांत असताना. आर्द्रतामापक काही शेकड्यांत मिळतो. करवतीच्या आधी तो घ्या. व्हेनिअरच्या पट्ट्या आदल्या आठवड्यापासून त्याच खोलीत पसरून ठेवाव्यात. पावसाळ्यात आराखडा, तोफा, दोर आणि कप्प्या करून घ्याव्यात, त्यात चार महिने सहज जातात.

फळीची रुंदी ३ मिमी, म्हणजे खऱ्या मापात ८-९ इंच. मध्यावर एका बाजूला २८ पट्ट्या बसतात. नाळेपाशी तेच वळण ५६ मिमी भरतं, म्हणून प्रत्येक पट्टी तिथे २ मिमीपर्यंत निमुळती करायची. कात्रीने नाही, दहा-दहा पट्ट्या एकत्र पकडून रंध्याने. जिथे पट्टी निम्म्या रुंदीच्याही खाली जायला लागते, तिथे दोन पट्ट्यांची एक करावी. न तासता सरळ पट्टी रेटली तर ती नाळेकडे वर चढत जाते, आणि मग कडेवर वाकवून खाली खेचण्याचा मोह होतो. व्हेनिअर कडेवर वाकत नाही, त्याला सुरकुती पडते. सपाट अंगाने वाकवण्यासाठी गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, फासळ्यांवर चिमट्यांनी धरून पूर्ण वाळू द्यायची आणि त्यानंतरच चिकटवायची. थंडीत चोवीस तास पुरतात, दमट दिवसांत अठ्ठेचाळीस. ओली पट्टी चिकटवली की वरचं गणित उलट्या बाजूने भोगावं लागतं. डावी-उजवी एकाआड एक पट्टी चढवावी, नाहीतर सांगाडा पिळवटतो.

चिकटवायला पाणी सोसणारं फेव्हिकॉल. फेविक्विकने काम भरभर होतं, पण दमट हवेत त्याचा पांढरा धूर सांध्याच्या बाजूला बसतो आणि सागवानावर पॉलिश केल्यावर उठून दिसतो. उघडलेली बाटली सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर टिकते. फ्रिजमध्ये ठेवलीच तर बाहेर काढून खोलीइतकी गरम झाल्यावर उघडावी, नाहीतर आत दव धरतं.

सांधे काळे करण्याची पद्धत इथे नको. पश्चिम किनाऱ्यावरच्या चांगल्या जहाजांत फळ्यांच्या कडा खाचून, मध्ये कापूस आणि डांबर घालून एकात एक बसवत. सांधा इतका घट्ट असे की दुरून रेघ क्वचितच दिसे. पेन्सिलची कड हलकेच फिरवली तरी पुरे.

आता नाळ, जिच्यावरून गुराब ओळखायची. नाळेवरचा डेक मुख्य डेकच्याच पातळीत असतो आणि दोघांमध्ये आडवी भिंत असते. नाळेला कठडा नाही. समोरच्या लाटेत गुराब जोरात खालीवर होते, तेव्हा नाळेवर आलेलं पाणी अडू नये, सरळ वाहून जावं म्हणून ती उघडी. हौसेने तिथे नक्षीदार कठडा लावलेल्या प्रतिकृती बऱ्याच दिसतात. दिसायला छान, पण जहाजाचं कारणच त्यात पुसलं जातं.

त्या आडव्या भिंतीत दोन झरोके, आणि त्यांतून नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी. झरोका ९ मिमी चौरस, त्याची खालची कड डेकपासून ६ मिमीवर. वर पुढचं छत येतं. आत २३ मिमी उंची सोडली तर गोलंदाज उभा राहतो. हे सगळं छत चिकटवण्याआधी तोफ गाड्यासकट ठेवून बघावं. नळी झरोक्याच्या मधोमध येत नसेल तर गाड्याची चाकं घासता येतात, भिंत मागाहून हलवता येत नाही. डेकला मध्यावर २ मिमीचा उंचवटा द्यायचा, तो धरून मापं घ्यावीत.

बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. नऊ पौंडीची नळी साडेसात फूट धरली तर ३२ मिमी, तोंडाचं भोक १.५ मिमी; सहा पौंडी सहा फुटांची तर २५ मिमी, भोक १.३. पितळेचा ६ मिमी गज ड्रिलच्या चकमध्ये धरून कानशीने घडवता येतो, पण आठ सारख्या नळ्या तशा होत नाहीत. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखं कातीव काम करणारा कातारी ओळखीचा असेल, तर एक नमुना देऊन बाकीच्या लाकडात कातून घ्याव्यात आणि काळ्या रंगवाव्यात. शिशाच्या ओतीव तोफा मात्र टाळा. बंद पेटीत लाकडातून सुटणाऱ्या आम्लाने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत नळी खाऊन टाकते. लोखंडी टाचण्यांनाही तीच मनाई: खारी हवा त्या गंजवते आणि सागवानावर काळे डाग उठतात.

दोराबद्दल थोडंच. जुन्या नोंदींत दोर परिघाने मोजलेला असतो, जाडीने नाही. निम्म्या प्रतिकृती इथे फसतात. सहा इंची दोर म्हणजे ४८ मिमी जाड, १:७२ ला ०.६७ मिमी. धागा पॉलिएस्टरचा. सुती दोर ओलाव्याने आखडतो आणि जुलैत डोलकाठीचं टोक ओढून वाकवतो. उन्हाळ्यात तोच दोर लोंबतो.

गलबत करायचं तर दुसऱ्या खेपेला. मोठ्यात मोठं सत्तर टनांचं, वल्ही चाळीस-पन्नास, पुढचं त्रिकोणी शीड एवढं मोठं की त्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर जातं. लहान गलबतांचा डेक वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूचा असे, आणि तो खऱ्याच बांबूच्या ०.७ मिमी काड्यांनी करता येतो. काड्या आधी पाच टक्के बोरॅक्स-बोरिकच्या द्रावणात दोन दिवस बुडवून वाळवाव्यात. बांबूतल्या पिठाला भुंगा लागतो आणि डेकवर रोज सकाळी भुकटीची ढिगली दिसू लागते.

पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबीचं लुकण लावत, म्हणून तिथे मळकट पांढरा, बिनचमकीचा अॅक्रिलिक. वरच्या सागवानाला लाखेचं पॉलिश किंवा लॅकर; पण आर्द्रता ७० च्या वर असेल त्या दिवशी डबा उघडूच नये. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि पॉलिश दुधाळ होतं. झालंच तर कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा पातळ फवारा द्यावा, बहुतेक वेळा दूध उतरतं.

पेटी काचेची किंवा अॅक्रिलिकची, तळ सागवानाचा. एमडीएफ नको, त्यातूनही आम्ल सुटतं. हवाबंद करू नका, आत बुरशी धरते. दोन टोकांना ६ मिमीची भोकं पाडून त्यांना बारीक जाळी लावावी. तळाशी सिलिका जेलचा कप्पा असावा, आणि जेलचा रंग बदलला की १२० अंशांवर दोन तास भाजून परत भरावं. पेटी नैर्ऋत्येच्या भिंतीला टेकवू नये. पावसाचा मारा त्याच अंगाने येतो आणि चिऱ्याची भिंत नवरात्रापर्यंत ओल सोडत नाही. चार बोटं अंतर ठेवावं.