नोंद सातवी : कादंबरीतल्या बाईची रोजकीर्द

दिवाळीच्या पाडव्याला सुरू केलेल्या वाचनसंकल्पाची ही सातवी नोंद आहे. आधीच्या नोंदी ज्यांच्या वाचनात आलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मराठीतील ऐतिहासिक कादंबऱ्या आणि स्त्रियांच्या जगण्याविषयीचे कथात्म लेखन ही दोन कपाटे मी आजवर वेगवेगळी वाचत आले. या वर्षी ती जोडीने वाचायची, म्हणजे एका कपाटातले पुस्तक संपले की दुसऱ्यातले त्याच काळातले किंवा त्याच काळाविषयीचे पुस्तक हाती घ्यायचे, असे मी ठरवले आहे. यादीतील 24 पुस्तकांपैकी 13 वाचून झाली आहेत. मी लेखाविभागात नोकरी करते, त्यामुळे मार्चअखेरच्या हिशेबांत तो संपूर्ण महिना एकही पान न उलटता गेला आणि एप्रिलमध्ये ती तूट भरून काढण्यासाठी ठाणे-तुर्भे लोकलच्या महिलांच्या डब्यातील जाता-येताची वीस-वीस मिनिटे मी केवळ वाचनासाठी राखून ठेवली.

या नोंदीत मुख्यतः एका कसोटीविषयी लिहायचे आहे, कारण तेरा पुस्तकांनंतर ती मला स्पष्ट झाली आहे. आमच्या कामात रोजकीर्द असते. दिवसभरात आलेला आणि गेलेला प्रत्येक पैसा त्या दिवसाच्या पानावर लिहावा लागतो आणि खतावणी, म्हणजे खातेवार हिशेबाची वही, पुढे तिच्यावरूनच भरली जाते. पेशव्यांच्या दफ्तरातही रोजकीर्दी आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. कादंबरीतल्या बाईची अशी रोजकीर्द लेखकाजवळ आहे का, हे मी आता पाहू लागले आहे. ती सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय करते, कोणाशी बोलते, कोणाला भिते, घरातल्या कोणत्या पैशापर्यंत तिचा हात पोहोचतो आणि कोणत्या पैशापर्यंत पोहोचत नाही, हे लेखकाला माहीत असेल, तर तो पानावर त्यातले फारसे काही न सांगताही ती बाई जिवंत होते. माहीत नसेल, तर तिला कितीही सुंदर शालू नेसवला तरी ती दाराआड उभीच राहते.

ही कसोटी मला सापडली ती हरि नारायण आपट्यांमुळे. 'पण लक्षात कोण घेतो?' मी महाविद्यालयात असताना अभ्यासाला म्हणून वाचली होती आणि परीक्षेपुरतीच लक्षात ठेवली होती. या खेपेस ती आणि 'उषःकाल' एकापाठोपाठ एक वाचल्या. दोन्ही एकाच लेखकाच्या, त्यांच्याच 'करमणूक' या साप्ताहिकाच्या अंकांतून क्रमशः आलेल्या आणि त्यांच्यात अंतर अवघ्या काही वर्षांचे. 1890 मध्ये यमूची, म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो?'च्या नायिकेची, कहाणी लिहायला घेणाऱ्या या लेखकाने तेव्हा तिशीही गाठली नव्हती. हा तरुण पुरुष यमूच्या तोंडून 'मी' म्हणतो, आणि लहानपणी कोणाच्या रागाची चाहूल कशी लागते, सासरी कोणत्या वेळी कोणत्या खोलीत जायचे नाही, मुंबईत नवऱ्याबरोबर स्वतंत्र बिऱ्हाड केल्यावर साधे मोकळेपणाने बोलणेसुद्धा सुरुवातीला कसे अवघड जाते, हे सगळे अशा बारकाईने सांगतो, की पुढे वैधव्यानंतर तिच्यावर लादलेल्या केशवपनापर्यंत आपण पोहोचतो तेव्हा एखाद्या प्रथेविषयी वाचत आहोत असे वाटतच नाही. ओळखीच्या बाईचे रोजचे दिवस कोणीतरी एका दिवसात संपवले, असे वाटते. ती पाने मी ऐरोली आणि रबाळेच्या मध्ये वाचत होते. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी माझ्याकडे पाहून न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

'उषःकाल' ही स्वराज्याच्या आरंभकाळावरची कादंबरी आहे आणि तिच्यातील रहस्याची गुंफण आजही वाचकाला धरून ठेवते. पण यमूचा दिवस ज्या हाताने लिहिला, त्याच हाताने लिहिलेल्या या दुसऱ्या ग्रंथात स्त्रियांचे दिवस मला सापडले नाहीत. संकटाचे, निष्ठेचे आणि त्यागाचे प्रसंग मात्र भरपूर सापडले. लेखकाची सहानुभूती कमी पडली, असे मी म्हणणार नाही. यमूचे घर हरिभाऊंच्या आजूबाजूला उभे होते, त्याचे आवाज त्यांच्या कानांवर पडत होते, काशीबाई कानिटकरांसारख्या लिहित्या स्त्रीशी त्यांचा स्नेह आणि पत्रव्यवहार होता. सतराव्या शतकातील घरातले आवाज मात्र त्यांना ऐकू येण्याचा काही मार्ग नव्हता आणि जिथे ऐकू येत नाही तिथे चांगला लेखकही नाट्याचा आधार घेतो, असे मला वाटते.

इथे मला चौथ्या नोंदीतील माझेच एक विधान दुरुस्त करायचे आहे. 'स्वामी' वाचल्यावर मी लिहिले होते, की रणजित देसाईंनी रमाबाईंना केवळ पती माधवराव पेशव्यांच्या येण्याची वाट पाहायला ठेवले आहे. ते विधान घाईचे होते. 1962 मध्ये आलेल्या या कादंबरीने मराठी वाचकाला पेशवाईतील एका जोडप्याच्या बोलण्यातले मार्दव प्रथमच इतक्या जवळून ऐकवले आणि माझ्या आईच्या पिढीतील कितीतरी स्त्रियांना ऐतिहासिक कादंबरीच्या दारात आणून सोडले, ही गोष्ट लहान नाही. माझा आक्षेप अजून आहे, पण तो आता नेमका झाला आहे. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला रमाबाई सती गेल्या, हे वाचकाला आधीपासून ठाऊक असते आणि तो शेवट इतका तेजस्वी असतो, की त्याचा उजेड मागे सरकत सरकत त्यांच्या सगळ्या दिवसांवर पडतो. शेवट ठाऊक नसता तर त्या कशा दिसल्या असत्या, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर माझ्याजवळ उरला.

त्या उलट अनुभव 'शिकस्त'चा. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. त्यांच्या मृत्यूविषयीची शंका पुढे इतकी वर्षे टिकली, की भाऊंचा तोतयाही उभा राहिला. पत्नी पार्वतीबाईंनी भाऊ गेले असे मानले नाही. ना. सं. इनामदारांनी याच पार्वतीबाईंना केंद्रस्थानी घेतले आणि त्यामुळे कुंकू लावायचे की नाही, हा एका बाईच्या मनातला प्रश्न वाड्याच्या कारभाराचा आणि राजकारणाचा प्रश्न होतो. युद्धात काय झाले हे सांगणारी पुस्तके आपल्याकडे पुष्कळ आहेत. युद्ध घरी परतल्यानंतर त्याचे रोज काय करायचे, हे मला इथे वाचायला मिळाले. मधला काही भाग मला लांबलेला वाटला, तरीही यादीतील ऐतिहासिक कादंबऱ्यांत ती आज माझ्या दृष्टीने पहिली आहे.

ठाण्यात राहणाऱ्या वाचकाने इनामदारांची 'झेप' वाचू नये हे शक्यच नाही, म्हणून तीही याच सुमारास पुन्हा वाचली. ती दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावर आहे आणि डेंगळे 1816 मध्ये ज्या ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले, तो आज मध्यवर्ती कारागृह आहे. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवलेले होते. म्हणूनच खिडकीखाली घोडा फिरवणाऱ्या मोतद्दाराने मराठी गाण्यातून सुटकेचा बेत कळवला तरी तो पहारेकऱ्यांना समजला नाही, अशी जी कथा सांगतात, ती आठवली की त्या भिंतीजवळून जाताना माझी चाल अजूनही मंदावते. माझ्या कसोटीशी या कादंबरीचा फारसा संबंध नाही आणि तो ओढूनताणून जोडण्याची मला गरजही वाटत नाही.

स्त्रियांच्या कपाटातून या काळात सर्वांत खोल गेले ते विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास'. मालतीबाई बेडेकरांनी 1933 मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या या कथांनी त्या वेळी वादळ उठवले होते आणि लेखिका कोण याचाच शोध लोक अधिक घेत होते. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेतील मिळवत्या, अविवाहित मुलीचे घर तिच्या पगारावर चालते आणि म्हणूनच तिच्या लग्नाचा विचार मागे पडत जातो. या कथेचे मोल मला हिशेबनीस म्हणून अधिक जाणवले. पैसा कोणाचा, तो कोणाच्या हाती जातो, त्याबद्दल तिला काय मिळते आणि हे सगळे कोणाच्याही तोंडून स्पष्ट न उच्चारता घरात कसे ठरून जाते, ते लेखिकेने कुठेही आवाज न चढवता दाखवले आहे. ही कथा लिहिली गेली तेव्हा ती वर्तमानाची होती. आज नव्वदहून अधिक वर्षांनी ती 1930 च्या आसपासच्या मध्यमवर्गीय घराचा अस्सल ऐतिहासिक दस्तऐवजही झाली आहे आणि त्यामुळे माझी दोन कपाटे मी समजत होते तेवढी वेगळी नाहीत.

हेच मला 'आनंदी गोपाळ'च्या बाबतीतही जाणवले. श्री. ज. जोशींची ही कादंबरी 1968 सालची आहे. आनंदीबाईंचे बालपण आपल्या जवळच्याच कल्याणात गेले, नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, चौदाव्या वर्षी झालेले मूल काही दिवसांतच गेले, 1886 मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, पुण्यात वारल्या. जोशींनी त्यांचे पती गोपाळराव यांच्या हट्टाचे आणि जुलमाचे जे चित्र काढले आहे, ते कुठेही सोपे केलेले नाही, आणि वाचकाला त्या माणसाचा संताप येतो त्याच पानावर त्याच्याशिवाय हे घडले नसते हेही कळते. मात्र मला सारखे जाणवत राहिले, की कादंबरीची नजर बहुधा गोपाळरावांवर खिळलेली आहे. मूल गेल्यानंतरच्या दिवसांत चौदा वर्षांची ती मुलगी घरात काय काम करत होती आणि दुपारी कोणाजवळ बसत होती, हे मला जाणून घ्यायचे होते. आनंदीबाईंच्या निधनानंतर काही वर्षांतच काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. ते मी आता मुद्दाम कादंबरीनंतर वाचणार आहे. त्याच काळातल्या एका बाईने दुसरीच्या आयुष्यातले कोणते तपशील टिपण्याजोगे मानले, हे मला पाहायचे आहे.

या वाचनात एक अडचणही आली. एका ग्रंथालयातून आणलेल्या जुन्या आवृत्तीची मधली सोळा पाने गायब होती आणि ती नेमकी एका विवाहप्रसंगाची होती. दुसरी प्रत मिळेपर्यंत दोन आठवडे गेले, त्यामुळे त्या पुस्तकावरचे मत या नोंदीत देत नाही.

साधने नाहीत म्हणून ऐतिहासिक कादंबरीत स्त्रीचा दिवस येत नाही, हे उत्तर मला आता अर्धेच पटते. पेशवाईच्या कागदांत वाड्यातील स्त्रियांना ठरवून दिलेल्या रकमा म्हणजे नेमणुका, दानधर्म आणि खासगीचा खर्च यांच्या नोंदी आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंनी तर आपला नातू सवाई माधवराव याला दिनचर्या आणि वागणूक कशी असावी, याविषयी उपदेशाचे पत्रच पाठवले होते. 1761 मध्ये थोरला मुलगा पानिपतावर आणि पाठोपाठ पती, 1772 मध्ये दुसरा मुलगा आणि 1773 मध्ये शनिवारवाड्यात मारला गेलेला तिसरा, एवढे गमावलेली ही बाई नाशिकजवळ गंगापुरास राहून नातवाला दिवस कसा घालवावा हे लिहिते. ज्या लेखकाला तिच्यावर कादंबरी लिहायची असेल त्याला पहिले पान तिथेच मिळेल. माझ्या मनासारखी अशी कादंबरी मला अजून मिळालेली नाही. आपल्यापैकी कोणी वाचली असेल तर नाव जरूर कळवा, यादीत दोन जागा मी त्यासाठी मोकळ्या ठेवल्या आहेत.

पुढील महिन्यासाठी काशीबाईंची 'रंगराव' ठरवली आहे. ती पुस्तकरूपाने 1903 मध्ये आली आणि त्याच वर्षी हरिभाऊंची 'गड आला पण सिंह गेला'ही आली, त्यामुळे जोडी आपोआप जमली. 1893 पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात शनिवारी दुपारी जाऊन दोन्हींची चौकशी करते. प्रत घरी नेण्याजोगी नसेल तर तिथेच बसून वाचेन आणि वहीत रोजकीर्दीचा रकाना आधीच आखून नेईन.