एवढ्या लांब जाऊन बेणणीच?

गेल्या आठवड्यात आमच्या सड्यावर, म्हणजे गावाकडच्या उघड्या कातळमाळावर, गुडघे टेकून, नाक जवळजवळ कातळाला लावून बसले होते. वर भुरभुर पाऊस, पाठीवर छत्री कशीबशी अडकवलेली. वाडीतले एक काका गुरं घेऊन मागून आले. "काय गो, काय पडला काय तुजा?" त्यांना वाटलं, कानातलं हरवलं. म्हटलं, "नाय काका, बघतंय." काकांनीही वाकून पाहिलं. कातळ, पाणी, गवत. मग माझ्याकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "बरी आसंस मा?"

मी बघत होते ते दवबिंदूचं रोप. बोटभर उंच, तांबूस, दोऱ्यासारखी बारीक पानं. पानाच्या अंगावर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला डिंकासारखा एक थेंब. एका पानावर नुकतंच एक चिलट बसलं होतं. त्याचे चार पाय चिकटले होते, दोन हवेत चालले होते. हे रोप किडे खातं. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा इंडिका.

देवगड तालुक्यातल्या या सड्यावरून मी दहावीपर्यंत शाळेला गेले. पावसाळ्यात चपला हातात घेऊन, म्हणजे या रोपांवर अनवाणी पाय देत. तेव्हा एकदाही ते दिसलं नाही. दिसलं ते त्याचं भावंड, पर्थमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. तेही एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी भिंग हातात देऊन "खाली बसा" म्हटलं म्हणून.

पर्थला जाऊन मला आता बरीच वर्षं झाली. पहिली दोन-तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी मॉल आणि मराठी मंडळ, एवढंच. मग ऑफिसातल्या एकीनं ओढून बोल्ड पार्कला नेलं. पार्क म्हटल्यावर मी बाकं, कारंजी, घसरगुंडी डोळ्यांसमोर आणली होती. निघालं भलतंच. शहरातच, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ४३७ हेक्टर रान. वाळूच्या जुन्या टेकड्या, त्यांवर ट्युअर्टची उंच झाडं आणि कणसासारखी मोठी फुलं येणारी बँक्सिया. त्या लोकांचा शब्द 'बुश'. याला मराठीत काय म्हणावं यावर मी खूप डोकं खाजवलं. जंगल म्हणावं तर तेवढं दाट नाही, माळ म्हणावं तर झाडं आहेत. शेवटी आमच्याकडचा 'रान' हाच शब्द बसतो.

तिथली सगळ्यात उंच टेकडी रीबोल्ड हिल, उंची ८५ मीटर. आपल्याकडे हिला कोणी नावही दिलं नसतं. पण वर उभं राहिलं की पश्चिमेला अथांग समुद्र आणि सूर्य पाण्यात बुडतो, थेट देवगडसारखा. सिडनीवाल्यांना हे सुख नाही, त्यांचा सूर्य समुद्रातून उगवतो. पहिल्यांदा वर गेले तेव्हा रडू आलं होतं, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

या रानात स्वयंसेवक लोकांना फिरवून आणतात. बोल्ड पार्कचं एक मित्रमंडळ आहे, फ्रेंड्स ऑफ बोल्ड पार्क बुशलँड. बहुतेक सगळे निवृत्त. कोणी शिक्षिका, कोणी प्लंबर, कोणी बँकेतला. दीड-दोन तासांत जेमतेम दोन किलोमीटर चालणं होतं, कारण दर दहा पावलांवर कोणीतरी थांबतं. मला आधी या थांबण्याचा वैताग यायचा. चालायला आलोय ना आपण?

त्या दिवशी वाटेच्या कडेला गाईडबाई थांबल्या आणि मघाशी म्हटलं तसं भिंग पुढे केलं. झुडपाचा आधार घेत वर चढणारं, नाजूक वेलीसारखं काहीतरी. भिंगातून पाहिलं तर थेंबच थेंब. बाई म्हणाल्या, इथली वाळू इतकी जुनी आणि धुतलेली आहे की तिच्यात खायला काही उरलेलं नाही, म्हणून ही बया वरून येणारं जेवण पकडते. उन्हाळा आला की वरचं सगळं वाळतं आणि खाली वाटाण्याएवढा कंद जिवंत राहतो, पुढच्या पावसाची वाट बघत. मग सहज विचारलं, तू कुठची? भारताचा पश्चिम किनारा म्हटल्यावर म्हणाल्या, अगं, मग तुमच्याकडेही आहे हे.

त्या रात्री मोबाईलवर शोधलं. ड्रॉसेरा, कोकण, कातळसडे. फोटोतला कातळ इतका ओळखीचा होता की माझं मलाच हसू आलं. आपल्याकडेही गोष्ट तीच. जांभ्यावर मातीचा थर वीतभरसुद्धा नाही, आणि पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात, म्हणजे जे काही सत्त्व असेल ते वाहून खाडीत. मग रोपानं करायचं काय? फरक एवढाच की आमचं दवबिंदू कंद करत बसत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत उगवतं, फुलतं, बी टाकतं आणि मरतं. एप्रिलमधल्या तापलेल्या कातळावर बी सोडून दुसरं काही टिकण्यासारखं नाही, हे त्याला बरोबर कळलेलं आहे.

फिरण्यावरून मी पुढे श्रमदानाला लागले. महिन्यातून एक सकाळ, काम म्हणजे गवत उपटणं. दक्षिण आफ्रिकेतून आलेलं व्हेल्ट ग्रास नावाचं गवत या रानात शिरलंय. उन्हाळ्यात ते वाळून कोळ होतं, आग लागली की तेच आधी पेट घेतं, आणि आगीनंतर सगळ्यांच्या आधी तेच उगवून येतं. हातात जाड मोजे आणि एक छोटी सुरी. झुबका एका बाजूला वाकवायचा, मुळाच्या वरच्या गड्ड्याखाली सुरी फिरवायची, माती तिथेच झटकायची, गवत पिशवीत. गड्डा राहिला तर पुन्हा फुटतं.

हे फोनवर आईला सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही, मग, "एवढ्या लांब जावन बेणणीच करतंस?" भाताची बेणणी, म्हणजे शेतातलं तण काढणं, नको म्हणून मी दहावीनंतर हॉस्टेल गाठलं होतं, ते ती विसरलेली नाही. पुढचा प्रश्न, "पैशे किती गावतत?" फुकट म्हटल्यावर, "मगे आमच्या कुणग्यांत ये."

पण तिथली बेणणी आमच्यापेक्षा उलटी. मी पहिल्या दिवशी शहाणपणानं जिथे गवत सगळ्यात माजलं होतं तिथे जाऊन बसले. लगेच हाक आली, तिथे नाही, इकडे. सुरुवात चांगल्या भागापासून करायची, जिथे मूळची झाडं धडधाकट आहेत आणि गवताचे चारच झुबके आहेत. ते काढले की रान स्वतःच पसरायला लागतं, आणि ते पसरेल त्या वेगानं आपण कडेकडेनं पुढे सरकायचं. माजलेला भाग एकदम साफ केला तर मोकळ्या जमिनीवर पुन्हा तणच येतं. ही रीत सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींची. १९६० च्या दशकात घराजवळच्या रानात स्वतः तण काढता काढता त्यांनी ती बसवली. ही रीत मला अजूनही अवघड जाते. घाण दिसली की तिच्यावर आधी तुटून पडायची सवय अंगात मुरलेली.

एकदा घोळही घातला. गवताच्या झुबक्यासोबत एक केसाळ, एकुलतं एक पान ओढून काढलं. खाली पांढरा कंद लोंबत होता. स्पायडर ऑर्किड. याचं फूल मादी गांधीलमाशीचा वास सोडून नराला फसवतं, तो तिला शोधत येतो आणि परागकण घेऊन जातो. एवढी कारस्थानं करून जगणाऱ्या जिवाला मी पाच सेकंदांत उपटलं. बाजूच्या आजोबांनी काही न बोलता कंद घेतला, बोटानं भोक पाडलं, परत ठेवला, वर पाणी ओतलं. न बोलणं फार लागलं हो. पुढच्या वर्षी तिथे पान दिसतं का ते बघायला गेले होते. नव्हतं.

तिकडे सगळं आलबेल आहे असं कोणी समजू नका. पर्थ पसरतंय ते बँक्सियाच्या रानावरच. इतकं, की २०१६ साली तिथल्या केंद्र सरकारनं हे रान धोक्यातल्या यादीत घातलं. बँक्सियाच्या बिया खाणारे कार्नबी नावाचे काळे काकाकुवा कमी होत चाललेत, कारण खायला रान नाही आणि घरट्याला ढोली असलेली जुनी झाडं नाहीत. वर्षातून एका संध्याकाळी शेकडो लोक ठरलेल्या झाडांखाली उभे राहून रातथाऱ्याला येणारे हे पक्षी मोजतात. मीही उभी राहिले आहे. हातात कागद, मान वर, आणि थवा आला की मोजता मोजता आकडा चुकतो तो चुकतोच.

डोंगराकडच्या जंगलात गेलं की वाटेच्या तोंडाशी बूट घासायचा ब्रश असतो. मातीतून एक रोग पसरतो, डायबॅक म्हणतात. तो फायटोफ्थोरा वंशातला, झाडांची मुळं कुजवणारा. त्या भागातल्या सुमारे ४० टक्के देशी वनस्पती त्याला बळी पडू शकतात. हे ऐकून बाबांचे कान टवकारले, कारण आमच्या सुपारीवर पावसात येणारा कोळे रोग याच वंशातला. बोर्डो मिश्रण फवारून फवारून ज्यांचे हात निळे झालेत त्यांना 'बुटाला लागलेली माती' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या डोंगरात जांभाही आहे. लाल, भोकाभोकांचा, अगदी आपल्या चिऱ्यासारखा. मी त्यावर हात फिरवत बसले तेव्हा सोबतच्यांना वाटलं, मला चक्कर आली.

उलट बाजूनं सांगायचं तर आपल्या रस्त्याकडेला लावलेला आकेशिया मूळ उत्तर ऑस्ट्रेलियाकडचा. किनाऱ्यावरचं सुरूचं बन, ज्यात आपण सगळे शाळेच्या सहलीला डबे खाल्ले, तेही लावलेलं. सुरूचं मूळ गाव आग्नेय आशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलिया.

नूंगार हे तिथले मूळ रहिवासी. त्यांचे ऋतू सहा. इंग्रजी कॅलेंडरचे चार त्या हवेला कधी बसलेच नाहीत. मकुरू म्हणजे जून-जुलैचा थंड पाऊस, जिल्बा, कंबरांग म्हणजे फुलांचा काळ, असे पुढे. गाईडबाई ते पाठ म्हणून दाखवत होत्या आणि मला आमची आई मृग, आर्द्रा, पुनर्वसू म्हणताना ऐकू येत होती.

आमच्या सड्याला सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणतात. पिकत नाही ती जमीन. मग तिचं काहीतरी करायचं म्हणून सुरुंग लावून खड्डे काढायचे, बाहेरची माती भरायची आणि हापूसची कलमं लावायची. नाहीतर चिऱ्याची खाण. आमच्या घरचं अर्धं उत्पन्न कलमांचं आहे, त्यामुळे मी यावर मोठ्या आवाजात बोलू शकत नाही. बोल्ड पार्कच्या कडेलाही जुनी चुनखडीची खाण आहे. आता तिथे उघडं नाट्यगृह आहे, पायऱ्यांवर बसून कार्यक्रम बघतात. आपल्याकडे कोणी काहीच करत नाही असंही नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं वेळासला कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि आज गावातले लोकच पिल्लं समुद्रात सोडतात. पण कासवाला डोळे असतात. बोटभर तांबूस रोपासाठी कोण येणार?

म्हणून या गणपतीत मी भाच्याला घेऊन गेले. वय नऊ, भिंग मी पर्थहून आणलेलं. पहिली पाच मिनिटं त्यानं भिंगातून स्वतःचा अंगठा पाहिला. मग चिलट अडकलेलं पान सापडलं आणि साहेब पालथे पडले ते उठेचनात. सोबत आई होती, गौरीसाठी तेरडा न्यायला. आमच्याकडे गौर तेरड्याची, मुळासकट रोप लागतं. आईनं पहिल्या रोपाला हात घातला आणि भाचा ओरडला, "आज्ये, उपटू नको, आत्या म्हणता उपटूचा नाय!"

मी कुठे बघावं ते मला कळेना. तिथे फूल तोडणं कायद्यानं गुन्हा, हे मीच त्याला वाटेत ऐकवलं होतं.

आई म्हणाली, "गौरीक काय तुजा भिंग दाखवू?" मग खाली बसली. रोपावरची फुगलेली बोंडं एकेक करून चिमटीत धरली. बोंडं टचकन फुटत होती, बिया कातळाच्या भेगांत, गवतात, भाच्याच्या केसांत. सगळी फोडून झाल्यावर रोप उपटलं, मुळाची माती तिथेच झटकली. शेजारची दोन रोपं तशीच ठेवून पुढे गेली आणि चार पावलांवरच्या झुपक्यातलं एक घेतलं.

"बोंडा फोडूक ये हयसर," तिनं नातवाला हाक मारली. "पुढल्या वर्षाक खंयसून हाडू?"

तो भिंग माझ्या हातात देऊन पळाला.